तीन फुटी टँकमध्ये झाडं जगवायची आहेत, लाईट कुठली घेऊ?

मंगळवारपेठ_टँक (धागाकर्ता) | ९ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मुलीची दहावी झाली आणि बक्षीस म्हणून तिनं मोबाइल न मागता फिश टँक मागितला, म्हणून मी पण हौसेनं घेतला. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. प्लॅस्टिकची झाडं नकोत, खरीच लावायची असं दोघांनी ठरवलं. मागं कबोम्बाच्या दोन जुड्या, मधे तीन ॲमेझॉन स्वोर्ड, लाकडावर जावा मॉस, आणि पुढं गालिचा व्हावा म्हणून बुटकं हेअरग्रास. मासे म्हणजे बारा निऑन आणि थोडे गप्पी.

दुकानातून टँकबरोबर गुलाबी-जांभळ्या उजेडाची १८ वॅटची पट्टी मिळाली. "झाडांची स्पेशल लाईट" म्हणून दिली. सकाळी सातला मी लावतो, संध्याकाळी सातला मुलगी बंद करते. आज पाचवा आठवडा. कबोम्बाची खालची पानं गळून नुसत्या काड्या राहिल्यात, वरचा शेंडा मात्र लांबलचक वाढतोय. स्वोर्डची जुनी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. हेअरग्रास पिवळं पडलं. आणि पुढच्या काचेवर हिरवे ठिपके, जे बोटानं निघत नाहीत.

लाईट बदलायची म्हणतोय. बजेट तीन हजार. किती वॅटची घेऊ? मुलगी रोज शाळेच्या वहीत झाडांची उंची मोजून लिहिते, तिचा हिरमोड व्हायला नको.

---

गप्पी_गल्ली | ९ जून, रात्री १०.३२

भावा, पयला फोटो टाक. टँक न बघता वॅट सांगायचं म्हणजे नाडी न बघता औषध दिल्यासारखं.

---

उद्यमनगर_लेथ | ९ जून, रात्री ११.०५

फोटो येईल तेव्हा येईल, मी माझं सांगतो. आमच्याकडं चार वर्षं टँकवर एलईडी फ्लड लाईट हाय. तीच, जी लोकं बंगल्याच्या गेटवर नाहीतर मंडपात लावतात. पांढरी, ६५०० केल्विनची. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळती, ॲक्वेरियमचा शिक्का नसल्यामुळं निम्म्याहून कमी पैशात.

तुझा टँक तीन फुटी, म्हणून एक ५० वॅटची घेऊ नको. मधे लख्ख आणि दोन्ही कोपरे अंधारात राहतील. ३० वॅटच्या दोन घे, दोन्ही टोकांपासून पाऊण-पाऊण फुटावर टांग. मी पाऊण इंची चौकोनी पाईपचा स्टँड वेल्ड करून घेतलाय, त्याला साखळी, कडी वरखाली केली की लाईट वरखाली. ही वरखाली करायची सोयच खरी कामाची, कारण पहिल्या दिवशी कुणालाच उंची बरोबर जमत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. फ्लडची बॉडी धातूची, स्टँड लोखंडी, आणि खाली पाणी. तिच्या तीन वायरींतली हिरवी-पिवळी वायर ही अर्थिंगची. पुष्कळ लोकं टू-पिन टॉप लावून ती तशीच गुंडाळून ठेवतात. तसं करू नको. थ्री-पिनच लाव आणि घराचं अर्थिंग तपासून घे. आयपी ६५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा चालतो. पाण्यात पडलेली चालते असा नाही.

---

पुणेस्थित_पांढरा_रस्सा | १० जून, सकाळी ८.२०

उद्यमनगरदादांचा स्टँड मी प्रत्यक्ष पाहिला आहे, काम देखणं आहे. पण फ्लडबाबत माझं मत वेगळं. साध्या पांढऱ्या एलईडीत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. त्यातून गडद लाल उजेड फार कमी निघतो. झाड वाढेल, पण लुडविजिया किंवा लाल रोटाला त्याखाली तपकिरी, मरगळलेली दिसते. निऑनचा लाल पट्टाही उठत नाही. लाल, हिरवे, निळे आणि पांढरे असे चारही एलईडी असलेली खास ॲक्वेरियमची लाईट घेतली तर तोच टँक जिवंत दिसतो. शिवाय ती कंट्रोलरवर हळूहळू वाढते, हळूहळू मावळते, मासे दचकत नाहीत. बजेट थोडं वाढवा, पण एकदाच चांगली घ्या.

---

उद्यमनगर_लेथ | १० जून, सकाळी ८.४१

त्याच्याकडं लाल झाड एक पण नाही, पाव्हणं.

---

पुणेस्थित_पांढरा_रस्सा | १० जून, सकाळी ८.४४

आज नाही. सहा महिन्यांनी असेल. या छंदात हिरव्यावर थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

---

रंकाळा_सकाळी | १० जून, सकाळी ९.३०

मंगळवारपेठ, तुमचा "किती वॅट" हा प्रश्न वाचून मला माझा जुना काळ आठवला. आमच्या वेळी हाच प्रश्न बरोबर होता. १९९० च्या आसपास माझ्या टँकवर ४० वॅटच्या चार फुटी ट्यूब होत्या. पत्र्याची पट्टी, चोक, स्टार्टर, सगळा गुणगुणाट. तेव्हा एक नियम सर्वांच्या तोंडी असे, गॅलनला दोन वॅट. अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. तुमच्या टँकमध्ये खडी-लाकूड सोडून १४० लिटर पाणी धरलं तर ३७ गॅलन, म्हणजे ७४ वॅट.

पण तो नियम ट्यूबचा होता. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते, त्यातला निम्मा छताकडं जातो, आणि एका वॅटला साधारण ६० लुमेन देते. आजची बरी एलईडी वॅटला १०० च्या आसपास देते आणि सगळा उजेड खालीच टाकते. तेव्हा वॅट हे आता फक्त वीजबिलाचं माप राहिलं आहे. जुनी पुस्तकं वाचून कुणी तुम्हाला ७४ वॅटची एलईडी घ्यायला सांगितली तर घेऊ नका, टँकचं शेवाळतळं होईल.

---

जांभी_माती | १० जून, दुपारी २.१०

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि घरी दोन टँक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी स्वोर्डबद्दल, कारण त्यात लाईटचा दोष बहुधा नाही. स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन ही झाडं रोपवाटिकेत बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पाने हवेसाठी बनलेली असतात. टँकमध्ये बुडवल्यावर झाड ती टाकून देतं आणि पाण्यासाठीची नवी, पातळ पाने काढतं. मधला कोंब हिरवा आणि टणक असेल तर झाड जिवंत आहे. विरघळलेली पाने कापून टाका आणि मुळाशी खताची एकेक गोळी पुरा, स्वोर्ड मुळानं खाणारं झाड आहे.

आता लाईट. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो, म्हणून त्या रंगाचे लुमेन जास्त मोजले जातात. झाड मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर हा सगळा पट्टा वापरतं. या पट्ट्यातल्या, म्हणजे झाडाच्या कामाच्या उजेडाला इंग्रजीत पार (PAR) म्हणतात. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला त्याचे किती मायक्रोमोल कण पडतात ते मोजतात. केल्विन हा नुसता उजेडाचा रंग सांगतो, जोर सांगत नाही. शून्य वॅटचा छोटा दिवासुद्धा ६५०० केल्विनचा असू शकतो.

मोजायचं असतं ते पाण्याच्या वर नव्हे, तळाशी, झाडाच्या पानावर. छंदातल्या लोकांनी अनुभवानं धरलेले ढोबळ आकडे असे: जावा फर्न, अनुबियास, मॉस आणि बहुतेक क्रिप्ट १५ ते ३० मायक्रोमोलवर समाधानी. स्वोर्ड, व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला ३० ते ५०. कबोम्बा, लाल झाडं आणि गालिचे ५० च्या पुढं, आणि तिथं कार्बन डायऑक्साइड वेगळा द्यावा लागतो.

कबोम्बाच्या काड्या झाल्या त्या यामुळं. शेंडा उजेडाजवळ, बुडखा अंधारात. झाड खालच्या पानांवर खर्च करायचं थांबवतं.

तुमची गुलाबी पट्टी निरुपयोगी नाही. क्लोरोफिल लाल आणि निळा उजेड भरपूर शोषतं हे खरंच आहे. पण हिरवा उजेड झाड वापरतच नाही हा समज चुकीचा, पान त्यातलाही बराच भाग घेतं. तुमच्या पट्टीचा जोर दीड फूट उंचीला कमी पडतो, आणि ती बारा तास जळते. म्हणजे झाडाला पुरेसा नाही आणि शेवाळाला दिवसभर, अशी अडचण झाली आहे. काचेवरचे ठिपके त्याचेच.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं. आपल्याकडं सगळ्यांना ऊस कळतो. उसाला नुसतं कडक ऊन असून भागतं का? लागणीचा ढोस चुकला, पाण्याची पाळी चुकली, की त्याच उन्हात ऊस पिवळा पडतो. ब्लॅकमन यांनी १९०५ साली मर्यादक घटकांचा नियम मांडला तो हाच: सर्वांत कमी जे आहे, त्याच्यावर वाढ अडते. टँकमध्ये उजेड वाढवला की झाडाची खताची आणि कार्बनची मागणी वाढते. ती आपण पुरवली नाही तर उरलेला उजेड शेवाळ घेतं. म्हणून आधी कुठली झाडं ठेवायची आणि त्यांना किती खाऊ घालणार ते ठरवा, मग लाईट. उलट क्रमानं गेलात तर लाईट तुम्हाला पळवत राहील.

---

गप्पी_गल्ली | १० जून, दुपारी २.२५

मॅडम, उसाचं उदाहरण एकदम काळजात. आमच्या अण्णांना वाचून दाखवलं, ते म्हणाले हिला शेत दाखवायला बोलव.

---

खिडकीतली | १० जून, संध्याकाळी ६.५०

मी लाईटच घेतली नव्हती. आमच्या कसब्यातल्या घरात पश्चिमेची मोठी खिडकी आहे, तिथंच दोन फुटी टँक ठेवला, ऊन फुकट आहे म्हणून. दहा-बारा दिवस झाडं अशी फुलली की शेजारच्या काकू रोज बघायला यायच्या. एप्रिल लागला आणि चार दिवसांत पाणी हिरवंगार. समोरचा मासा दिसेना. पाणी बदललं की दोन दिवस बरं, परत तेच.

---

गप्पी_गल्ली | १० जून, संध्याकाळी ७.०२

तांबडा बघितलाय, पांढरा बघितलाय, हिरवा रस्सा पहिल्यांदा ऐकला ताई.

---

खिडकीतली | १० जून, संध्याकाळी ७.१०

वाटी घेऊन या, वाढते.

---

जांभी_माती | १० जून, रात्री ८.००

पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ आहे ते. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण २००० मायक्रोमोल मिळतात. आपण ३० आणि ५० च्या गोष्टी करतोय, त्यावरून अंदाज घ्या. पश्चिमेचं तिरपं ऊन काचेतून आत आलं तरी ते आपल्या मापाच्या कितीतरी पट असतं. टँक खिडकीपासून हलवा किंवा पडदा लावा, आणि तीन दिवस टँक पूर्ण झाकून ठेवा. हवेचा पंप चालू असू द्या, आणि नंतर पाणी बदला.

---

खिडकीतली | १० जून, रात्री ८.१२

तीन दिवस अंधारात झाडं मरणार नाहीत?

---

व्हीनस_कॉर्नर_वरचा_मजला | १० जून, रात्री ९.४०

ताई, याचं उत्तर माझ्याकडं आहे.

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो, खाली पाणी लागलं तसं वडिलांना घेऊन बोटीतून बाहेर पडलो. लाईट आधीच गेलेली. टँक चार फुटी, आत पंचवीस मासे. निघताना आईनं देवघराकडं बघून हात जोडले आणि मी टँककडं बघून. दोन्हीकडं सारखीच भावना होती, खोटं कशाला सांगू.

आठव्या दिवशी परत आलो. फिल्टर बंद, लाईट बंद, खिडक्या लावलेल्या, वर आभाळ काळं. बरेच मासे गेले होते. त्याचं दुःख वेगळंच, त्याबद्दल इथं लिहीत नाही. पण जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्ट जसेच्या तसे. हायग्रोफिलाची पानं गळाली होती, महिन्याभरात परत फुटली. काचेवरचं शेवाळ मात्र पार फिकट होऊन सुटलेलं.

तेव्हापासून मी सांगतो, पाण्यातलं झाड अंधाराला आपल्यापेक्षा कमी घाबरतं. आपणच रोज दोन तास जास्त लाईट देऊन त्याच्यावर प्रेम करायला जातो.

---

रंकाळा_सकाळी | ११ जून, सकाळी ६.३०

वाचून गप्प झालो. त्या आठवड्यात आमच्याकडं दोन कुटुंबं राहायला होती, त्यातलं एक जण कळशीत सहा मासे घेऊन आलं होतं.

---

मंगळवारपेठ_टँक | ११ जून, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमचा प्रतिसाद मुलीनं वहीत उतरवून घेतला. व्हीनसदादा, तुमचं वाचून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्वोर्डचा कोंब बघितला, हिरवा आणि टणक आहे! पानं कापली.

दोन प्रश्न. पार मोजायचं यंत्र किती महाग असतं बघितलं, आपल्याला झेपणारं नाही. मग मोजू कसं? आणि मी दिवसभर दुकानात, घरी येतो रात्री आठला. टँक बघायला मिळावा म्हणून लाईट रात्री हवी, तर किती ते किती लावू?

---

जांभी_माती | ११ जून, रात्री १०.०५

मोबाइलनं ढोबळ मोजता येतं. लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजणारं फुकट ॲप घ्या. मोबाइलचा उजेडाचा सेन्सर बहुधा पुढच्या बाजूला वर, कॅमेऱ्याच्या शेजारी असतो. टँक रिकामा असतानाच तळाशी ठेवून मोजलं तर उत्तम. तुमचा भरलेला आहे, तर दोन जाड झिपच्या पिशव्यांत मोबाइल घाला, आधी त्या पिशव्यांत कागद घालून बुडवून बघा, आणि जुना मोबाइलच वापरा. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला ७० नं भागा, मायक्रोमोलच्या आसपास पोचाल. म्हणजे तळाशी २१०० लक्स आले तर ३०. हा भागाकार फक्त पांढऱ्या उजेडाला चालतो. गुलाबी पट्टीखाली सेन्सर फसतो, तिथं आकडा धरू नका.

वेळ: दिवसातून सात तास पुरे, नव्या लाईटला पहिले दोन आठवडे सहाच. एकसलग द्यायची सक्ती नाही. सकाळी सात ते दहा, मग बंद, संध्याकाळी सहा ते दहा असं विभागू शकता. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसलेल्या टँकमध्ये सकाळच्या सत्रात झाडं पाण्यातला हा वायू संपवत आणतात. मधल्या सुट्टीत माशांच्या श्वासातून आणि तळाच्या कुजण्यातून तो परत भरतो.

---

पुणेस्थित_पांढरा_रस्सा | ११ जून, रात्री १०.२०

मॅडम, विभागून देणं मला पटलेलं नाही. मी दोन्ही करून पाहिलं, शेवाळात फरक दिसला नाही. पण माझा टँक सिलिंडरवाला आहे हे मान्य.

---

जांभी_माती | ११ जून, रात्री १०.२६

सिलिंडर असेल तर मधल्या सुट्टीचं काम उरतच नाही. त्यामुळं तुमचा अनुभवही बरोबर.

---

व्हीनस_कॉर्नर_वरचा_मजला | ११ जून, रात्री १०.५०

टायमर लाव भावा, माणसावर सोडू नको. चाकाचा स्वस्त टायमर लाईट गेली की थांबतो, आली की तिथूनच पुढं चालू. पावसाळ्यात दोन-तीनदा लाईट गेली तर आठवड्यात तुझी संध्याकाळ मध्यरात्री येईल. आत सेल असलेला डिजिटल घे. आणि वायर बोर्डाकडं जाताना मधे खाली झोळ सोड, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, बोर्डात जात नाही.

---

गप्पी_गल्ली | १२ जून, दुपारी १.१५

सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. मी पण गालिच्याच्या नादानं बाटलीत सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा घालून गॅस बनवायचो. चार दिवस झाडांवर मोत्यासारखे बुडबुडे, सगळ्या गल्लीला दाखवले. पाचव्या रात्री व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला. सकाळी सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. पाणी बदललं, पंप लावला, तरी सात गेले. रात्री झाडं पण ऑक्सिजनच घेतात, गॅस वापरत नाहीत, हे तोवर कुणी मला सांगितलं नव्हतं. गॅस करायचाच असेल तर लाईट लागायच्या आधी तासभर चालू आणि लाईटबरोबर बंद, असा व्हॉल्व्ह टायमरवर घ्या. तेवढं जमणार नसेल तर गालिचा सोडा. मी सोडला.

---

मंगळवारपेठ_टँक | १२ जून, रात्री ९.३०

गालिचा रद्द. मुलीला विचारलं, ती म्हणाली मासे मेले तर गालिचा बघायचा कुणी. हेअरग्रासच्या जागी क्रिप्ट लावतो.

---

कोकणउतार | १३ जून, सकाळी ७.५५

क्रिप्टचं नाव निघालं म्हणून लिहितो. क्रिप्टोकोरिन ही काही फक्त लांबून आणायची गोष्ट नाही. त्यातल्या काही जाती आपल्या घाटाखाली, कोकणातल्या ओढ्यांत रानटी वाढतात. क्रिप्टोकोरिन कोग्नाटा ही तर महाराष्ट्राच्या कोकणपट्ट्याची स्वतःची जात. मी गगनबावड्याचा घाट उतरून पुढं ओढ्याकाठी झाडीच्या सावलीत अशा क्रिप्टची बेटं पाहिली आहेत. वरून उंबर, करंज, आणि मधून ठिपक्याठिपक्यांनी पडणारं ऊन. तिथं पाच मिनिटं बसलं की या झाडाला किती उजेड लागतो ते कुठलं यंत्र न वापरता कळतं.

पण हात जोडून विनंती, उपटून आणू नका. ही झाडं जिथं आहेत तिथंच मोजकी आहेत. रोपं दुकानातून नाहीतर एकमेकांच्या टँकमधून घ्या.

---

रंकाळा_सकाळी | १३ जून, सकाळी ९.१०

आणि उलट बाजूही. टँकमधलं काहीही रंकाळ्यात, कळंब्यात किंवा पंचगंगेत टाकू नका. रंकाळ्यावर केंदाळ पसरलेलं आम्ही या डोळ्यांनी पाहिलं आहे, ते काढायला किती माणसं राबली तेही. जलपर्णीसुद्धा दिसायला सुंदर म्हणूनच कुणीतरी या देशात आणली होती. "क्लीनर" म्हणून विकतात तो सकर मासा मोठा झाला की लोक तळ्यात सोडतात आणि त्याला पुण्य समजतात. तो तिथं टिकतो, वाढतो, आपल्या माशांची जागा खातो. छाटलेली झाडं वाळवून कुंडीत घाला, चांगलं खत होतं.

---

उद्यमनगर_लेथ | १३ जून, दुपारी १२.४०

काकांशी शंभर टक्के सहमत. मंगळवारपेठ, स्टँडची मापं पाठव. पाईपचे तुकडे पडून हायत माझ्याकडं, फक्त वेल्डिंगची मजुरी दे.

---

मंगळवारपेठ_टँक | २१ जून, रात्री १०.४०

स्टँड आला! दादांनी मजुरी पण घेतली नाही, घरी चहाला थांबले तेवढंच. ३० वॅटच्या दोन फ्लड, थ्री-पिन, अर्थिंग तपासलं, टायमर डिजिटल. सगळं मिळून बजेटमध्ये बसून वर पैसे उरले.

आधी लाईट पाण्यापासून वीतभर वर ठेवली होती. जुना मोबाइल पिशवीत घालून तळाशी मोजलं, ४५०० लक्स. मुलीनं भागाकार केला, ६४. मॅडमच्या हिशेबानं सिलिंडर नसलेल्या टँकला हे जास्त. मग कडी चढवत चढवत दीड फुटावर नेली, २६०० लक्स, म्हणजे ३७. कोपऱ्यात १९००. तिथं क्रिप्ट लावली.

वर नेल्यावर उजेड खोलीभर पसरून आईच्या डोळ्यांवर यायला लागला. दोन्ही लाईटना पत्र्याची झालर लावून घेतली, आता बरं आहे. वीज सात तासांना दिवसाला ०.४२ युनिट, महिन्याला साधारण साडेबारा.

---

पुणेस्थित_पांढरा_रस्सा | २१ जून, रात्री ११.००

मोजून उंची ठरवलीत हे पाहून फार बरं वाटलं. माझी कंट्रोलरवाली लाईट मी दोन वर्षं अंदाजानं चालवतोय. उद्या मीही पिशवी बुडवतो.

---

खिडकीतली | २४ जून, सकाळी १०.१५

टँक तीन दिवस चादरीनं झाकला होता. आज उघडला. पाणी स्वच्छ! मासे दिसले. काकूंना बोलावून आणलं.

---

मंगळवारपेठ_टँक | २८ जुलै, रात्री ९.५०

बरेच दिवस आलो नाही, नदीचं पाणी वाढत होतं त्यामुळं दुकानाची आवराआवर चालू होती. आता उतरतंय.

टँकचा अहवाल, मुलीच्या वहीतून: स्वोर्डला प्रत्येकी सात-आठ नवी पानं, सर्वांत लांब पान ३१ सेंटिमीटर. कबोम्बाचे शेंडे कापून परत खोवले होते, ते आता बुडख्यापासून भरलेले आहेत, पण वाढ हळू. क्रिप्टनं एका आठवड्यात सगळी पानं टाकली तेव्हा मुलगी रडवेली झाली होती. मी मॅडमचा प्रतिसाद परत वाचून दाखवला, पंधरा दिवसांनी पाच रोपांतून नवे कोंब आले. काचेवरचे ठिपके ब्लेडनं खरवडून काढले, महिन्यात अगदी थोडे परत आले. लाकडाच्या वरच्या टोकाला, लाईटच्या अगदी खाली, मॉसवर थोडं तंतूचं शेवाळ आहे. तिथं सावली कशी करू?

---

जांभी_माती | २८ जुलै, रात्री १०.१५

स्वोर्डचं एक मोठं पान तिकडं झुकेल अशी दिशा द्या, किंवा त्या भागावर थोडी तरंगती साल्विनिया राहू द्या. नळीची रिंग करून तिच्यात अडवा, नाहीतर महिन्याभरात सगळा पृष्ठभाग झाकेल. आणि मुलीला सांगा, वहीत उंचीबरोबर पानांची संख्याही लिही. उंची कधीकधी उजेड कमी पडल्यानंही वाढते.

---

मंगळवारपेठ_टँक | २८ जुलै, रात्री १०.३०

तिनं लगेच नवा रकाना आखला मॅडम. कबोम्बाची छाटणी बरीच निघाली आहे, कुणाला हवी का? वाळवायला जीव होत नाही.

---

गप्पी_गल्ली | २८ जुलै, रात्री १०.३३

मला पायजे. उद्या सकाळी सातला गंगावेशीत दूधकट्ट्यावर ये, दूध माझ्याकडनं.

---

खिडकीतली | २८ जुलै, रात्री १०.४१

निम्मी माझी. खिडकीत ठेवणार नाही, शब्द देते.